मधल्या फोटोची रिकामी जागा

वालीवच्या कारखानदारांना सगळं फिकट हवं असतं. पंप बनवणारा असो की पुठ्ठ्याची खोकी बनवणारा, समोर येऊन बसला की पहिली मागणी हीच: "मॅडम, मागे आमच्या कारखान्याचा फोटो टाका, पण एकदम फेंट. आणि त्याच्यावर अक्षरं." मी वसईतल्या एका छोट्या ऑफिसात वेबसाइट बनवायचं काम करते. साइटचं रूप ठरवणारी एक वेगळी फाइल असते, तिला आम्ही स्टाइलशीट म्हणतो. कुठला रंग, केवढं अक्षर, कोण कुणाच्या शेजारी, हे सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. एखादी गोष्ट फिकट करायची तर तिच्या नावापुढे ऑपॅसिटी असं लिहायचं आणि एक आकडा टाकायचा. एक म्हणजे ठसठशीत. अर्धा म्हणजे मागचं दिसायला लागतं. शून्य म्हणजे काहीच दिसत नाही.

कामावर नवीन आलेला प्रत्येक माणूस एक ठरलेली चूक करतो. फोटो आणि अक्षरं ज्या चौकटीत असतात ती अख्खी चौकटच तो फिकट करून टाकतो. फोटोबरोबर अक्षरंही पुसट होतात आणि कारखानदार तणतणतो की आमचा फोन नंबरच वाचता येत नाही. मग हा आतल्या अक्षरांना 'एक' देऊन बघतो, चिडून पुन्हा देऊन बघतो. काही उपयोग नसतो. बाहेरची चौकट जेवढी पुसट, त्याहून ठसठशीत आतलं काही होऊच शकत नाही. बाहेरच्या चौकटीला आम्ही पेरेंट म्हणतो आणि आतल्यांना चाइल्ड. हे मी इतक्या जणांना शिकवलंय की शिकवताना जांभई यायची. आता जांभई येत नाही, राग येतो, आणि समोरच्याला कळत नाही की एवढ्याशा चुकीवर ही बाई का भडकते.

आमचं घर अर्नाळ्याला. बाबांची होडी होती. ते गेल्यावर ती दादा चालवायला लागला, आणि किनाऱ्यावर शनिवार-रविवारी येणारी गर्दी बघून त्याने घराच्या मागच्या बाजूला खोल्या काढल्या. राहायची सोय आणि आईच्या हातचं जेवण. जेवणामुळेच माणसं पुन्हा पुन्हा यायची, खोल्यांमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं. साइट मी बनवली. पैसे मागितले नाहीत, घरच्यांकडे कोण मागतं. उलट ऑफिसातून सुट्टी घेऊन फोटो काढले. सुकत घातलेल्या बोंबलांचा, होडीचा, समोरच्या किल्ल्याचा. सगळ्यात खाली तीन गोल फोटो एका ओळीत लावले. पहिला आईचा, खाली 'जेवण'. मधला माझा, खाली 'बुकिंग'. तिसरा दादाचा, खाली 'होडी आणि खोल्या'. फोटोवर बोट ठेवलं की त्या माणसाचा नंबर फोनवर यायचा, मग नुसतं हिरवं बटण दाबायचं.

ते तीन गोल लोकांपेक्षा आईला जास्त आवडले. आईला वाचता येत नाही. बाजारात मासळीच्या पाट्यांचा हिशोब ती तोंडी असा करायची की गिऱ्हाईक बघत राहायचं, पण लिहिलेला आकडा तिला चित्रासारखा. तिच्या मोबाइलमध्ये पुढच्याच पानावर मी साइट लावून दिली आणि शिकवलं: इथे दाब, असं खाली खाली ये, माझ्या फोटोवर बोट ठेव, मग हिरवं. चार-पाच वेळा चुकली, मग जमलं. तेव्हापासून पाहुण्यांची जेवणं आवरली की दुपारी तिचा फोन यायचाच. काय जेवलीस, कशाला एवढं बाहेरचं खातेस, मावशीकडे तुझ्यासाठी सुकट दिलीय ती घे. मी तुळिंजला भाड्याच्या खोलीत राहते, आणि तिथल्या बाजारात अर्नाळ्याची एक मावशी मासे घेऊन बसते. दादाच्या होडीचा माल तीच विकते. आईची सुकट आणि गावच्या बातम्या माझ्यापर्यंत तिच्याकडूनच यायच्या.

मग दादाला वर मजला चढवायचा झाला. घर आणि मागची जागा बाबांच्या नावावर होती, ते गेल्यावर आम्हा तिघांची नावं लागली होती. दादा म्हणाला, कर्जाला एकच नाव बरं पडतं, तुम्ही दोघी हक्क सोडल्याची सही करा. आमच्याकडे यात विचारण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटतच नाही. बहिणीने सही करायची, भावाने साडी द्यायची, वर गोडाधोडाचं जेवण. वहिनीने साडी आधीच आणून ठेवली होती. मोरपंखी, काठाला जर. सही व्हायच्या आधीच माझ्या मांडीवर ठेवली.

माझ्या एकटीच्या सहीचं असतं तर मी कदाचित केलीही असती. पण आईचंही नाव जाणार होतं. ज्या घराचं कूड तिने स्वतः सारवलं, त्या घरात ती कागदावर पाहुणी होणार होती. मी म्हटलं, आईचं नाव राहू दे, माझं काढा. दादा म्हणाला, "मी आईला रस्त्यावर काढणार आहे का? माझ्यावर भरवसा नाही तुझा?" मी म्हटलं, "भरवसा आहे ना, मग नाव राहिलं तर तुझं काय बिघडतं?" त्यावर तो ओरडला. वहिनी म्हणाली, नोकरीवाल्या मुलींचं असंच असतं. आई भिंतीला टेकून मांडीवरचे हात बघत बसली होती. मी साडी खुर्चीवर ठेवली आणि निघाले. दादा मागून म्हणाला, "परत या दारात पाऊल ठेवू नकोस."

मी ठेवलं. पंधरवडा गेल्यावर आईला भेटायला गेले, तर वहिनी दारातच उभी राहिली. बाहेर पाहुणे खुर्च्या टाकून बसले होते, ते तमाशा बघावा तसे बघायला लागले. आत दादा आईवर आवाज चढवत होता, तूच बोलावलंस ना तिला म्हणून. आई दारापर्यंत आली आणि माझा हात धरून हळूच म्हणाली, "बाय, तू येऊ नको. तू येतेस नि मंग घरात जेवन गोड लागत नाय." त्यानंतर मी गेले नाही. आपल्या येण्याने आपल्याच आईला बोलणी बसणार असतील तर कसलं जाणं.

मग माझा फोनही तिला लागेना. रिंग न वाजताच कट व्हायचा. नंबर ब्लॉक केला की असंच होतं, हे समजायला वेबसाइट बनवता यायला लागत नाही. आईच्या हाताने तो ब्लॉक झाला नव्हता, तिला तसलं काही जमत नाही. तिचा दुपारचा फोनही बंद झाला. तिला कुणी दटावलं होतं की ती स्वतःच भ्यायली होती, मला कळायला मार्ग नव्हता. मावशी बाजारात म्हणाली, "बरी हाय तुजी आय, काम करते." याच्यापुढे ती बोलत नसे. दादाच्या मालावर तिचं घर चालत होतं, तिला मी काय बोलणार.

एका दुपारी मी साइट उघडली. कशासाठी उघडली ते खरं सांगायचं तर आईचा फोटो बघायला. खाली गेले. पहिला गोल आईचा. तिसरा दादाचा. मध्ये पांढरं. नाव नाही, 'बुकिंग' नाही, काही नाही. दोघांच्या मध्ये एका माणसाएवढी जागा सोडून ते दोघं हसत होते. फोटो मीच काढले होते, आई हसावी म्हणून मीच वेडेवाकडे चेहरे केले होते. तळपायाची आग मस्तकात गेली. साइटचा पासवर्ड टाकून बघितला तर तोही बदललेला.

त्याच आठवड्यात एका अनोळखी माणसाचा फोन आला. शनिवारी खोली मिळेल का, जेवणात सुरमई असते का. मी विचारलं, माझा नंबर कुठून मिळाला. तो म्हणाला, तुमच्या साइटवर बोट लागलं आणि नंबर आला. मला वाटलं, याने कुठे तरी जुना नंबर लिहून ठेवला असेल. फोन ठेवला आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

कॉम्प्युटरवर कुठलीही साइट आतून बघता येते, तिची स्टाइलशीट वाचता येते. मी वाचली. विरारच्या कुणा साइटवाल्याला दादाने हे काम दिलं होतं हे नंतर कळलं, पण त्याची कामाची पद्धत मला तिथेच ओळखू आली, कारण ती आम्हा सगळ्यांचीच आहे. ओळीतला मधला फोटो काढला की शेजारचा सरकतो, ओळ बिघडते, ती नीट करत बसायला वेळ लागतो. आणि गिऱ्हाइकाचा काय नेम, आज म्हणतो काढा, उद्या म्हणेल परत आणा. म्हणून आम्ही काढत नाही. नुसतं दिसेनासं करतो. त्याने माझ्या गोलापुढे लिहिलं होतं, ऑपॅसिटी शून्य. शेजारी स्वतःसाठी एक टिपण: 'ताईंचा फोटो नको, सध्या.'

त्या 'सध्या'वर मी बराच वेळ बघत बसले. दादाचा शब्द होता की त्या माणसाची सवय, कोण जाणे.

आता यातली गंमत अशी, गंमत म्हणायची तर, की शून्य ऑपॅसिटीची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, पण ती तिथे असते. आपली जागा अडवून असते. आणि तिच्यावर बोट ठेवलं तर तिला कळतं. नवीन माणसांना हे मी नेहमी सांगते: नुसतं अदृश्य केलंत तर बटण चालूच राहील, दाबणं बंद करायचं असेल तर वेगळं लिहावं लागतं. विरारवाल्याने वेगळं काही लिहिलं नव्हतं. मी माझ्या मोबाइलवर साइट उघडली, आई आणि दादाच्या मधल्या पांढऱ्यावर बोट ठेवलं. माझा नंबर आला.

ब्लॉक केलेल्या नंबरवरून फोन येत नाही, पण त्या नंबरला तिकडून करता येतो. म्हणजे आईचा रस्ता उघडा होता, फक्त तिला ते माहीत नव्हतं. फोटो दिसत नाही म्हटल्यावर ती कशाला तिथे बोट ठेवेल. आणि तिला सांगायचं कसं? मावशीला सांगून बघितलं. मावशी पापलेट साफ करत म्हणाली, "ते फोटूचं नि बोटाचं मना नको सांगू. तुज्या भावाला कललं तं माजी पाटी रिकामी." माझा जीव टांगणीला लागला. दुपार झाली की मी फोन टेबलावर उलटा ठेवायचे, म्हणजे सारखं लक्ष जाणार नाही, आणि सारखी उलटून बघायचे.

आणि एक दिवस तो वाजला. आईच. मी बाहेर जिन्यात आले. तिने नेहमीसारखंच विचारलं, "जेवलीस का, बाय?" मी मागचं दार ओढून घेतलं. मग विचारलं, "आई, तुला माझा फोटो दिसतोय?"

"नाय दिसत. उडालाय. भिंतीवरचे फोटू कसे उन्हानं उडतात, तसा. नायतर माजेच डोले उडाले, ते मोतीबिंदू वाडलंय म्हनतात." ती हसली. "पन तुजी जागा मना ठाव हाय ना. मी नि दादा, मधे तू."

मी जिन्यात बसले आणि रडले. आईला कळलं असणार, पण ती सुरमईचा भाव सांगत राहिली. फोटो उन्हाने उडत नाही, तुझ्या लेकाने उडवलाय, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. मोतीबिंदूवर भागत असेल तर भागू दे. फोटो दिसत नाही म्हणून ती कुणाला विचारायला जाणार नव्हती, कारण तिच्या मते दोष तिच्या डोळ्यांचा होता. आणि ती विचारत नव्हती तोवर दादाला कळणार नव्हतं.

मग पुन्हा रोजचे फोन सुरू झाले. ती ओट्यावर बसून बोलायची, मागून समुद्राचा आवाज यायचा. कागदावर अंगठा दिला का, हे मी एकदाच विचारलं. "दिला," म्हणाली. "तुज्या सहीवाचून त्यांचं आडलंय म्हनतात. तू राग नको धरू." मी धरलेला होताच. मला त्या दिवसांत एकाच गोष्टीचं समाधान होतं, की मला घालवण्यासाठी दादाने पैसे मोजून माणूस लावला होता, आणि त्या माणसाच्या आळसावर माझी आई रोज माझ्याशी बोलत होती. हे समाधान काही फार चांगल्या जातीचं नव्हतं. पण दुसरं नव्हतं.

दादाने आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन करून आणलं. वाईट बोलते तशी खरं असेल ते चांगलंही बोलायला हवं, त्याने स्वतः नेलं, आणलं, थेंब घातले. ऑपरेशनची बातमी आईने आदल्या दिवशी फोनवर सांगितली तेव्हा मी म्हटलं, छान होईल, काळजी करू नको. आणि फोन ठेवल्यावर मला जी भीती वाटली ती मी कुणाला सांगू शकले नाही. आईला दिसायला लागू नये असं कुठल्या मुलीला वाटतं? मला वाटत होतं.

काळा चष्मा निघेपर्यंत मोबाइल बंद होता. मग तिचा फोन आला. आवाजात लहान पोरीसारखा आनंद. "बाय, डोले लय झाक झाले. ओट्यावरून लांबचे बोंबील दिसतात. आरशात बगितलं तं मी केवडी म्हातारी झाले ग."

"तू कुठली म्हातारी," मी म्हटलं.

"फोटूत मी दिसते. दादा दिसतो, त्याच्या शर्टाची बटनं पन दिसतात." मग ती थांबली. "तू नाय दिसत."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मधे नुसतं पांढरं हाय. बाजूचे दोन फोटू नाय उडाले, तुजाच कसा उडाला?"

मी बोलले नाही. माझं न बोलणं आईला लहानपणापासून ओळखू येतं. मग ती म्हणाली, "बरं. जेवून घे," आणि फोन बंद केला. तो तिचा शेवटचा फोन.

पुढचं मावशीकडून कळलं. त्या दिवशी पाहुणे जेवायला बसले होते, दादा वाढत होता. आईने सगळ्यांसमोर मोबाइल पुढे धरला आणि विचारलं, मधला हिचा फोटू कोनी काडून टाकला? दादा म्हणाला, साइट जुनी झालीय, नवीन करणार आहे. आई म्हणाली, "जुनी झाली तं मी आधी जायला पायजे." पाहुण्यांतलं कुणी तरी हसलं. दादाने मोबाइल हातात घेतला, नीट काय झालंय ते बघायला, आणि त्याचं बोट त्या पांढऱ्यावर पडलं असणार. नंबर त्याने ओळखला.

या वेळी विरारवाल्याने काम नीट केलं. आठवड्यात साइट बदलली. मी आतून बघितली, माझ्या नावाचं काही म्हणजे काही उरलं नव्हतं. टिपणही गेलं, त्यातलं 'सध्या'ही गेलं. मधला फोटो मुळातून काढला की पुढचा सरकतो, तसा दादा सरकून माझ्या जागेवर आला होता. आणि त्याच्या पलीकडे, तिसऱ्या गोलात, वहिनी. खाली 'बुकिंग'. फोटो गोल असल्यामुळे साडी पूर्ण दिसत नव्हती, पण खांद्यावरचा मोरपंखी रंग आणि जरीचा काठ दिसत होता. मी हसले. ऑफिसातल्यांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, लेआउट छान बसवलाय.

दुपारी फोन टेबलावर उलटा ठेवायची सवय मात्र गेली नाही. महिनाभराने मावशीकडे मासे घ्यायला गेले. गिऱ्हाईक नव्हतं. मावशीने इकडेतिकडे बघितलं, पाटीवरचा ओला गोणपाट नीट केला आणि आपणहून बोलली.

"तुजी आय दुपारची ओट्यावर बसते मोबाइल घेऊन. मधे बोट लावते, हिरवं दाबते, नि कानाला लावते. फोन घरातच वाजतो. तुजा दादा झोपेतून उठून भायेर येतो, 'काय ग?' म्हनतो. ती म्हनते, 'काय नाय, चुकून लागला.'"

"पण मध्ये आता दादाचा फोटो आहे," मी म्हटलं. "तिला दिसतं ना."

"दिसतं तिला," मावशी म्हणाली. "सगलं दिसतं."

"मग?"

मावशीने माझ्याकडे बघितलं नाही. माझे मासे पिशवीत घातले, वर दोन जास्तीचे टाकले. "दुसऱ्या दिवशी परत लावते," ती म्हणाली. "दादा म्हनतो, तुला नाय जमत, मोबाइल दे इकडं."

अजून तरी आईने तो दिलेला नाही.